वाडीचा सौदा

"जतीनभाईला हो म्हणून टाक ना, आई," ऋषभ फोनवर म्हणाला. "एवढ्या मोठ्या वाडीत तू एकटी. मला इथे झोप लागत नाही."

बकुळाबाई सावे चिकूच्या झाडाखाली खुर्ची टाकून बसल्या होत्या. घोलवडच्या त्या वाडीत फोनला रेंज मिळायची ती तेवढ्याच जागी. नवरा जाऊन सात वर्षं झालेली, एकुलता एक मुलगा कॅनडात. कामाची माणसं पाचला परतली की घर त्यांना खायला उठायचं.

गेले आठ दिवस मात्र रोज सहाला फोन येत होता. जुना मोबाइल बिघडला म्हणून नव्या नंबरवरून. गुडघा, बीपीच्या गोळ्या, माडाला लागलेला भुंगा, सगळं विचारणं व्हायचं. बाईंनाही काय सांगू नि काय नको असं होई. परवा तर पाऊण तास नुसत्या लोणच्यावर गेला. शेवटी विषय यायचाच. वाडी विकत घेणाऱ्या जतीनच्या नावे कुलमुखत्यारपत्र करून दे, पुढचं तो बघेल.

"सोमवारी नक्की करते," त्या म्हणाल्या. याआधी ठरलेल्या बुधवारी गुडघा दुखत होता, शुक्रवारी अमावस्या निघाली होती.

"सोमवार शेवटचा हं, आई. नाहीतर सौदा मोडला."

वाडीत कामाला येणाऱ्या रूपीला हे पटत नव्हतं. "काकी, तो जतीन वाडीत आला, पन एका झाडाकडं मान वर करून बघलं नाय. घेनारा मानूस फळाला नख तरी लावतो. मला काय बरोबर नाय वाटत."

"ऋषभनं पाठवलाय त्याला. माझा मुलगा मला कळत नाही?"

काकींची वाडी गेलीच, असं रूपीने धरून टाकलं.

सोमवारी जतीनने बाईंना गाडीतून डहाणूला, नोंदणी कार्यालयात नेलं. कागद पुढे केले, पेन हातात दिलं. बाईंनी पेन खाली ठेवलं आणि मागच्या बाकाकडे पाहिलं. साध्या कपड्यांत बसलेल्या फौजदार दिशा उठल्या आणि त्यांनी जतीनचं मनगट धरलं. रविवारी बाई स्वतः पोलीस ठाण्यात जाऊन आल्या होत्या.

फोनवरचा ऋषभ म्हणजे वापीत बसलेला जतीनचा भागीदार. आवाज कॉम्प्युटरने बनवलेला, पण हुबेहूब.

"कमाल केलीत, मावशी," दिशा चहा पुढे करत म्हणाल्या. "तो आवाज ऐकून मीसुद्धा फसले असते. तुम्हाला संशय कधी आला?"

"पहिल्याच दिवशी," बकुळाबाई म्हणाल्या. "आमच्या ऋषभला माझ्याशी बोलायला एवढा वेळ कुठला?"