तीसपैकी तीस

"मेंदू साऱ्या जगाला फसवेल, माझ्या चाचणीला नाही," असं विस्मरणाच्या आजारावर संशोधन करणारे सर चाळीस वर्षं छातीठोकपणे सांगत आले. परवा त्यांनी चपला फ्रीजमध्ये आणि दूध चपलांच्या कपाटात ठेवलं, तेव्हा बायकोने त्यांना त्यांच्याच विद्यार्थिनीच्या दवाखान्यात नेलं. तिने सरांनीच तयार केलेली चाचणी घेतली. उत्तरं सरांना तोंडपाठ. तीसपैकी तीस.

"अगं, पण प्रश्न त्यांनीच काढलेत ना? औषध तरी सुरू कर."

"पंचविसाच्या वर गुण असले की औषध देता येत नाही, काकू. नियमही सरांचाच आहे."

जिना उतरताना सर बायकोला अदबीने म्हणाले,

 

"बाई, मला जरा घरापर्यंत सोडाल का? माझी बायको जेवायची थांबली असेल."