बिनकानाचा कप

"सही कुठे करायची तेवढं सांगा," माई म्हणाल्या आणि सुनेच्या टेबलावरच्या कपात खोचलेल्या पेनांतलं एक त्यांनी ओढून काढलं.

विभागप्रमुखांनी कागदाचा कोपरा दाखवला. त्या कोपऱ्यात सही झाली की माईंच्या कपांच्या कारखान्याचा आणि विद्यापीठाच्या या प्रयोगशाळेचा संबंध संपणार होता. नवी भट्टी परत जाणार होती. इथे संशोधन करणाऱ्या दोन मुली घरी बसणार होत्या. प्रयोगशाळा चालवणारी बाई मात्र नेहमीसारखी माईंच्याच घरी जाणार होती, कारण ती माईंची सून होती.

दुखणं साधं होतं. माईंच्या कपांचे कान तुटत. कप दिसायला देखणा. पण गिऱ्हाईक चहा ओतून उचलायला जाई, तर कान हातात आणि कप मांडीवर. दुकानदार माल परत पाठवू लागले. माईंनी कारागीर बदलले, माती बदलली, दुकानदारांना चार शब्द सुनावून पाहिले. कानांवर कशाचाच परिणाम झाला नाही. शेवटी त्यांनी मन घट्ट केलं आणि विद्यापीठाला पैसे दिले. एवढे शिकलेत, तर शोधून काढू देत. तेव्हापासून कारखान्यातून कपांची पेटी येत होती आणि प्रयोगशाळेतून अहवाल जात होता. कारण सापडलं नाही, एवढंच तो अहवाल दर वेळी वेगळ्या शब्दांत सांगे.

सासू-सुनेत घरी यावर अवाक्षर निघत नसे. माईंचाच तसा दंडक होता. कारखान्याचं कारखान्यात, विद्यापीठाचं विद्यापीठात, घरी फक्त घरचं. आणि घरचं म्हणजे काय, तर सूनबाईचे हात धसमुसळे. सकाळचे कप ती विसळायची आणि चार-आठ दिवसांनी एखाद्याचा कान बेसिनमध्ये पडायचाच.

"पुस्तकं धरायची सवय बाईसाहेबांना," माई म्हणत. "कपाला काय ठाऊक, तू डॉक्टरेट आहेस ते!"

माई स्वतः चहा पेल्यातून पीत. सूनबाई मुकाट्याने कान उचलायची आणि कामाला निघायची.

आता तीच सून मांडणीला टेकून उभी होती. मांडणीवर माईंचे कप ओळीने बसले होते. पांढरे, निळ्या किनारीचे, सगळे कान जागच्या जागी. माईंच्या डोक्यात राग होता, तरी ती ओळ बघून त्यांची छाती जराशी फुगलीच.

"एवढे कप गिळलेत, आणि यातल्या एकाचाही कान तुम्हाला तोडता आला नाही?"

"नाही आला," सूनबाई म्हणाली. "उकळतं पाणी ओतलं, लगेच बर्फात ठेवला, कानाला वजनं टांगली. तुमचा कप तुटत नाही, माई. जो तुटतच नाही तो का तुटतो, हे मी कसं सांगू?"

"तुटेल कसा? एकेक माझ्या हाताखालून गेलाय."

माईंचं पेन कागदापर्यंत पोचलं होतं. विभागप्रमुखांनी त्या कागदावर हात ठेवला.

"हाताखालून म्हणजे?"

"म्हणजे मी टिचकी मारून बघते. खणखणीत वाजला तर तुमच्या पेटीत. बद्द वाजला तर बाजूला. दुकानांचा माल पोरं भरतात, तिथे कुठे पुरी पडू मी? पण ही पेटी इथे येते. इथे सगळे शिकलेले बसलेत, त्यात माझी सून. तिच्या नाकासमोर टिचका माल मांडू? उद्या तुम्हीच म्हणाल, बाईला लिहिता येत नाही आणि कपही करता येत नाहीत."

विभागप्रमुख हळूच खुर्चीत बसले. त्यांनी चष्मा काढला, पुसला आणि तो स्वच्छ असूनही पुन्हा पुसला.

"माई, आम्हाला तेच हवे होते. बाजूला काढलेले. ते तुम्ही फेकून देता?"

"फेकते कशाला? चांगला भाजलेला कप! पाणी गळत नाही, चहा गळत नाही. ते मी..."

माई थांबल्या. असं मधेच थांबणं त्यांच्या स्वभावात नव्हतं. त्यांची नजर, हातातलं पेन जिथून आलं होतं, तिथे गेली. पांढरा कप. निळी किनार. पेनांनी गच्च भरलेला. आणि कानाच्या जागी नुसत्या दोन खडबडीत खुणा.

"हा कुठला?"

"घरचा," सूनबाई म्हणाली. "मागच्या आठवड्यात माझ्या हातून गेला ना, तो. तुम्ही बोललात एवढं, मग टाकवेना."

माईंनी त्यातली सगळी पेनं काढून सही न झालेल्या कागदावर ठेवली. हातातलंही वर ठेवलं. कप तळहातावर घेतला, कानाजवळ नेला आणि टिचकी मारली.

कप बद्द वाजला.

"बाजूला काढलेले सगळे मी घरी नेते," त्या कुणाकडेही न बघता म्हणाल्या. "घरात काय, कसलेही चालतात."

"आणि घरी त्यांचे कान तुटतात?" विभागप्रमुखांनी विचारलं.

"तुटतात," माई म्हणाल्या. "मला वाटायचं, ही तोडते."

"मलाही तसंच वाटायचं," सूनबाई म्हणाली.