झरोक्याची जाळी

ऑरिन शिडीवर उभा राहून माळ्याच्या झरोक्याला बारीक पोलादी जाळी ठोकत होता. रस्त्यापलीकडून लोरेटा ओरडली, "डासांचा एवढा धसका घेतलास का रे?"

"डास नाही, ठिणग्या. कड्यापलीकडे वणवा पेटलाय. जुन्या जाळीतून वाटाणासुद्धा आत जाईल. माळ्यावर एक ठिणगी शिरली की घर गेलंच समज."

"मेव्हिस असती तर म्हणाली असती, आधी खाली उतर म्हाताऱ्या!"

ऑरिन हसला. त्याच्या बायकोला, मेव्हिसला, जाऊन चार वर्षं झाली होती. त्याआधी चाळीस वर्षं ती आणि लोरेटा आपापल्या दारातून अशाच गप्पा मारायच्या, दोघींच्या मधे रस्ता आहे हे विसरून.

"जाळी उरलीय. तुझेही झरोके करून देतो."

"पुढच्या आठवड्यात कर. आज टोमॅटो बाटल्यांत भरतेय, मान वर करायला फुरसत नाही."

त्याने फार आग्रह केला नाही. छपरावरच्या पाइनच्या सुकलेल्या सुया झाडल्या, पन्हळी साफ केल्या आणि उरलेली जाळी गुंडाळून ठेवली.

पाचव्या दिवशी सकाळी वारा सुटला आणि दुपारपर्यंत कड्यापलीकडचा वणवा अलीकडे आला. घरं सोडा, असं सांगत पोलिसांची गाडी फिरली. दोघं आपापल्या गाड्यांतून निघाले. सामान आवरायलाही वेळ मिळाला नाही.

सोळा दिवसांनी रस्ता उघडला. ऑरिनच्या जाळीत बाहेरच्या बाजूने काळे निखारे अडकून विझले होते. माळा शाबूत. समोर मात्र लोरेटाच्या घराचं नुसतं धुराडं उरलं होतं. बाकी सगळी राख.

लोरेटा राखेच्या कडेला उभी होती. ऑरिन तिच्याजवळ गेला.

"मी हट्ट करायला हवा होता."

"मी आजवर कुणाचा हट्ट ऐकलाय?" ती म्हणाली. "तुझं राहिलं, बरं झालं. मनापासून सांगते. पण गसचा एक फोटोसुद्धा उरला नाही रे. काल दिवसभर त्याचा चेहरा आठवत बसले. आठवतो, आणि लगेच निसटतो."

गस तिचा नवरा. त्यालाही जाऊन अकरा वर्षं झाली होती.

ऑरिन तिला हाताला धरून आपल्या पायऱ्यांवर घेऊन आला. मग एकटाच माळ्यावर चढला आणि मेव्हिसने काढलेल्या फोटोंचा खोका घेऊन खाली आला. मेव्हिसला फोटो काढायची भारी हौस, आणि फोटो काढायचे ते आपल्याच दारात उभं राहून. केक कापणारा ऑरिन. बर्फात लोळणारी पोरं. मासा उंच धरून उभा ऑरिन.

त्याने एक फोटो लोरेटाच्या मांडीवर ठेवला.

"पुढे मी आहे, मला बघू नकोस. मागे बघ."

लोरेटाने अंगठ्याने ऑरिन आणि त्याचा मासा झाकला. रस्त्यापलीकडे तिचं घर होतं, ताज्या निळ्या रंगाचं, आणि कठड्यावर रंगाचा डबा ठेवून गस मेव्हिसकडे बघून हात हलवत होता.

"अजून आहेत?" तिने विचारलं.

"सगळे तसेच आहेत," ऑरिन म्हणाला. "आमच्या दारातून दुसरं काय दिसायचं?"