झऱ्याची नोंद

कुमुदिनीने घरगाडीच्या नकाशावर झऱ्याची जागा नोंदवायला घेतली, तेव्हा तिचा नवरा श्रीरंग म्हणाला, "अगं, ही नोंद सगळ्यांच्याच नकाशावर दिसेल."

"ठाऊक आहे. पण सुमित्राला दुसरं कसं कळवणार?"

नीट पाऊस पडून नऊ वर्षं झाली होती. गावं ओस पडली होती आणि माणसं गाड्यांतच राहून पाण्यामागे फिरत होती. फोन कधीच बंद पडले होते; चालू होता तो फक्त हा नकाशा. कुमुदिनीची धाकटी बहीण सुमित्रा तान्ह्या मुलीला घेऊन दोन दिवसांच्या वाटेवर मागे राहिली होती.

कुमुदिनीने 'पाणी' असं लिहून बटण दाबलं.

सुमित्राच्या आधी तीनशे गाड्या पोचल्या. ती आली तेव्हा तिथे नुसता चिखल होता. तिच्यासाठी भरून ठेवलेला कॅनही कोणीतरी हिसकावून नेला होता.

"ताई, कुठंय पाणी?" सुमित्राने विचारलं. तिच्या खांद्यावरची पोर आता रडतही नव्हती.

कुमुदिनीने चिखलात पदर दाबला आणि जेवढा ओलावा आला तेवढा पोरीच्या ओठांना लावला. श्रीरंगने ती नोंद सकाळीच पुसली होती. तरी घाटातून गाड्या उतरतच होत्या.