सोयाबीनचं कवच

डॉक्टरांनी हृदयासाठी माशाचं तेल घ्यायला सांगितलं, तेव्हा इंद्रभानजींनी गळ्यातल्या तुळशीच्या माळेला हात लावून लेकीला सुनावलं, "अनुपमा, मेलो तरी चालते, पण मासा पोटात जाऊ देनार नाही मी."

अनुपमा प्रयोगशाळेत नेमकं माशाच्या तेलावरच काम करायची. सोयाबीनच्या प्रोटीनमध्ये थोडा बदल करायचा आणि त्याचं कवच तेलाच्या थेंबाथेंबावर चढवायचं, म्हणजे तेल खवटही होत नाही आणि वासही मारत नाही. गावी जानेफळला सुट्टीवर आली ती अशा कवचातल्या तेलाच्या पांढऱ्या भुकटीचा डबा घेऊनच. रोज दुपारी बाबांच्या आंबाडीच्या भाजीत ती चमचाभर भुकटी कालवायची आणि ताट ठेवून लगेच स्वयंपाकघरात पळायची. समोर थांबायची तिची हिंमतच होत नव्हती, आणि आत जीवही थाऱ्यावर राहत नव्हता.

आज मात्र बाबांनी पाणी मागितलं. तांब्या घेऊन ती बाहेर आली, तर आंबाडीला कधी ढुंकून न पाहणारी घरची मांजर ताटाभोवती घोटाळत होती. तिनं घाईघाईनं मांजरीला हाकललं.

"राहू दे वं पोरी," बाबा भाजीचा घास घेत म्हणाले, "थे तं पहिल्या दिवसापासून येऊन राह्यली."

तिनं दचकून वर पाहिलं.



बाबांचा गळा मोकळा होता. तुळशीची माळ जेवणापुरती समोरच्या खुंटीवर टांगलेली होती.