शंभर पावलांना एक बदाम

पैलवान घाम कमी गाळतात आणि बदाम जास्त खातात, असा तालमीच्या नव्या सेक्रेटरीसाहेबांना दाट संशय. त्यांनी मुंबईहून पावलं मोजायचं यंत्र आणलं आणि फर्मान काढलं, शंभर पावलांना एक बदाम.

नबीलाल वस्तादांचा पठ्ठा चमन, कुस्ती आठ दिवसांवर आलेली. यंत्र कमरेला बांधून त्यानं एका जागी हजार जोर मारले. यंत्रानं अकरा पावलं दाखवली.

"एकही बदाम बसत नाही," साहेब म्हणाले.

वस्तादांनी यंत्र सोडून साहेबांच्याच कमरेला बांधलं. "चमन, साहेबास्नी कुस्तीच्या हौद्यात घे की. जरा हात मिळव."



साहेब तिथून पळत घरी पोचले तेव्हा यंत्र सतराशेवर होतं. वस्तादांनी इमानदारीनं सतरा बदाम मागोमाग पाठवून दिले.