आवाजाला वळण

कोळशाच्या खाणीजवळच्या शाळेत बदली झाली, तेव्हाच बाईंनी मनाशी धरलं होतं की इथली माणसं आडदांड, साधं बोलणंसुद्धा भांडल्यासारखं. आणि झालंही तसंच. पहिलीतली एक मुलगी ‘हजर, बाई’ म्हणाली की शेजारचा वर्ग दचकायचा.

बाई तिच्यावर कधी रागावल्या नाहीत. रोज जवळ घेऊन समजावत राहिल्या, “हळू बोलावं, बाळा. शहाणी मुलं घरीसुद्धा हळूच बोलतात.” दोन महिन्यांत मुलीचा आवाज लोण्यासारखा मऊ झाला. एवढ्याशा पोरीला वळण लावलं, म्हणून बाईंचा जीव सुखावला.

एका दुपारी तिचे वडील खाणीतली पाळी संपवून तसेच, कोळशानं काळ्या झालेल्या कपड्यांनी वर्गाच्या दारात येऊन उभे राहिले. तिथूनच त्यांचा आवाज चढला, “बाई, पोरीला काय झालंय? महिना झाला, घरात तोंड उघडत नाही. रुसलीय का माझ्यावर?”

“जरा हळू बोला ना,” बाई म्हणाल्या.

त्यांनी कानामागे हात धरला. “मोठ्यानं सांगा, बाई. वीस वर्षं खाणीत ड्रिल चालवतोय, कान कामातून गेलेत. घरात एक हिचंच तेवढं ऐकू यायचं.”

बाईंनी मुलीकडे पाहिलं. मग बाकावरून मुलगीच, शिकवल्याप्रमाणे, हळू आवाजात म्हणाली, “बाबा, मी रोज बोलते की तुझ्याशी.”



वडील अजून बाईंच्याच तोंडाकडे बघत होते.